गायधनीकाकांचा नवा अ‍ॅम्प्लिफायर

गायधनीकाका गाणं ऐकायला बसले की आधी घरातला फ्रीज बंद करतात. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली ठेवतात. एप्रिलच्या उन्हात, दारंखिडक्या लावून, घाम पुसत डोळे मिटून बसतात आणि वर आपल्यालाच म्हणतात, "आता कसं शांत वाटतंय!" मालतीकाकूंचं दूध या शांततेपायी किती वेळा नासलंय याची गणती नाही. काकू बिचाऱ्या त्याचं पनीर करतात आणि शेजारीपाजारी वाटतात. आमच्या मजल्यावर पनीर फार.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. इंदिरानगरातली आमची सोसायटी तशी चारचौघांसारखी. काकांच्या हॉलमध्ये मात्र माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन स्पीकर उभे आहेत आणि सोफा टेपने मोजून बरोबर त्यांच्या समोर ठेवलाय. पायांखाली खडूच्या खुणा. केर काढताना सोफा इंचभर जरी सरकला तरी काकांना बसल्या बसल्या कळतं. टीव्ही पाठीमागे राहिला, तो राहिलाच. बातम्या बघायच्या तर मान वळवून बघा.

काका सातपूरच्या एका कारखान्यात होते. काम बेअरिंग तपासायचं, तेही कानाने. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि सांगायचं, "हे आठ दिवसांत जाणार." जायचंच. साहेब लोक मीटर घेऊन यायचे आणि काकांना विचारून जायचे. रिटायर झाले तेव्हा बाकी सगळा माणूस घरी बसला, कान काही बसायला तयार होईनात. गाण्याचा नाद आधीपासून होताच, आता ते हात धुऊन त्याच्या मागे लागले.

त्यांची भाषाही स्वयंपाकघरातली. "वर्षा, आवाज गिच्च झालाय गं," हे मी गेले सहा महिने ऐकत होते. "भाताचं शीत न् शीत वेगळं हवं ना, तसा शब्द न् शब्द सुटा हवा. हा जुना अ‍ॅम्प्लिफायर बदलावाच म्हणतो. तुला काय वाटतं?"

"मला तर छान ऐकू येतंय, काका."

"तुझे कान त्या मिक्सरने खाल्लेत!"

एवढं बोलून गप्प बसतील तर ते गायधनीकाका कसले! अ‍ॅम्प्लिफायर बदलावा की न बदलावा, हे त्यांनी दूधवाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तर आत बोलावून दोन गाणी ऐकवली. लिफ्ट दोन तास बंद. शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदाराने कंटाळून नवा अ‍ॅम्प्लिफायर आठ दिवस वापरून बघायला दिला. काकांनी तो रिक्षातून मांडीवर घेऊन आणला. प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू!" शेवटी रिक्षावाला म्हणाला, "काका, बाळंतीण घरी नेताय का?"

रविवारी सकाळी सगळ्या मजल्याला आमंत्रण. हॉलमध्ये चादर टांगलेली, मागे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर आणि काका. पुढे आम्ही सातजण आणि मालतीकाकू, हातात चिठ्ठ्या. आधी 'अ' वाजणार, मग 'ब'. गाणं तेच. कुठला जुना, कुठला नवा, सांगणार नाही. ज्याचा आवाज स्वच्छ, ते अक्षर लिहायचं. मध्ये पोहे.

आता खरं सांगते, आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की 'ब' म्हणजे नवा. आणि कुणी घरात नवी वस्तू आणली की आपण काय म्हणतो? छानच म्हणतो! नवी साडी, नवी गाडी, नवी सून, कुणाला कधी वाईट म्हटलंय आपण? सगळ्यांनी 'ब' लिहिलं. मी तर पुढे 'जमीन-अस्मानाचा फरक' असंही लिहिलं. पोह्यांना जागायला नको?

काकांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि चादरीमागून बाहेर आले. "दोन्ही वेळा जुनाच वाजत होता," ते म्हणाले. "नव्याला अजून वायरसुद्धा जोडलेली नाही."

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. काकू तर ताटल्या गोळा करून आत निघून गेल्या.

दोन दिवस मी धुमसत होते. मग काकू भाजीला पंचवटीत गेल्यात असं बघून भांडायलाच गेले. "काका, शेजाऱ्यांना असं फसवायचं असतं का?"

काका सोफ्यावर एक चिठ्ठी घेऊन बसले होते. काकूंचं अक्षर. 'ब. आता शब्द न् शब्द कळतो.'

"तुम्हाला नाही गं फसवलं," ते म्हणाले. "मला हिचं बघायचं होतं. हिला ऐकू कमी येतंय, वर्षा. कुकरच्या शिट्ट्या चुकतात. डॉक्टरांकडे चल म्हटलं की रडते, मी काय म्हातारी झाले का म्हणते, तुमच्या मशीनमध्येच बिघाड आहे म्हणते. म्हटलं, असेल बाबा मशीनमध्ये. पस्तीस वर्षं मी बाहेर गाणं लावलं की ही आत गुणगुणायची. सहा महिन्यांत एकदा नाही. हिला एकटीला बसवून परीक्षा कशी घेऊ? म्हणून सगळ्यांना बोलावलं. दोन्ही वेळा जुनाच लावला; त्यालाच ही चांगला म्हणाली तर दोष मशीनचा नाही, हे कळणार होतं."

"आणि काकूंनी..."

"मला नवा हवाय असं वाटलं तिला. म्हणून खोटं लिहिलं." त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. मला आपलं रडूच यायला लागलं.

नवा अ‍ॅम्प्लिफायर परत गेला. आणि पुढच्याच आठवड्यात काकांनी खाली बाकावर सगळ्यांदेखत जाहीर केलं, "माझे कान गेले. कानाचं मशीन लावावं लागणार." ज्या माणसाला सोफा इंचभर सरकलेला ऐकू येतो, तो हे म्हणाला! वॉचमनसुद्धा हसला. काका हसू देत होते. काकूंना म्हणाले, "एकट्याने लावायची लाज वाटते गं. तूही तपासून घे, लागलं तर तूही लाव, म्हणजे मला सोबत." काकू मला सांगत होत्या, "ह्यांच्यासाठी लावलं हो. नाहीतर मला कशाला हवंय?"

परवा संध्याकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले. काकू आत पोळ्या करत होत्या. हॉलमध्ये जुन्याच अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं नुकतंच संपलं होतं. काकांनी कानातलं मशीन काढून शर्टाला पुसलं, तेव्हा त्याचं बारीकसं झाकण उघडं दिसलं. आत सेलच नव्हता.

"काका, हे काय?" मी अगदी कुजबुजत विचारलं.

"नमुन्याचं आहे. डॉक्टरांकडून मागून आणलं," तेही कुजबुजले. "हिला सांगू नकोस हं."

"काय सांगू नकोस?" आतून काकू.

माझी पाचावर धारण बसली. मी काहीतरी थाप शोधायला लागले, पण काका ऐकतच नव्हते. ते दाराकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, मी विचारतेय, काय सांगायचं नाही मला?"

"आणखी एकदा विचार," काका म्हणाले.