मधलं चाक नको

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘लांबचं किती दिसतं?’ आमचे शेजारी दिनकरभाऊ विचारायचे, “हे रुंद किती होते?”

अमरावतीच्या दुकानदारानं बिचाऱ्यानं दुर्बीण मधून वाकवली, दोन्ही नळ्या होतील तेवढ्या दूर केल्या. भाऊंनी मधे बोटं घालून पाहिली. “बस? इतकुशी? अन् हे मधातलं चाक नको. दोन्ही नळ्या आपापल्या फिरल्या पायजे.”

“काका, मधल्या चाकानं दोन्हीकडचं एकदम स्पष्ट होतं. सोय आहे ती.”

“तुमची असन सोय,” म्हणून भाऊ पायऱ्या उतरलेसुद्धा.

भाऊ वीज खात्यात लाईनमन होते. जन्म खांबावर गेल्यामुळे जमिनीवर त्यांचं चित्त लागत नाही. चहा उभ्यानं पितात, जेवताना दोनदा उठतात, आणि चुकून बसलेच तर उजवा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत असतो. “घाई हाये राजेहो!” हे पालुपद. यंदाची घाई मात्र खरी होती. भातकुलीकडच्या त्यांच्या शेतात हरभरा उभा असेपर्यंत सकाळी काळविटांचा कळप येतो. हरभरा निघाला की कळप गेला. आजूबाजूचे लोक हरणं हाकलायला फटाके लावत होते, आणि आमचे भाऊ त्यांना बघायला दुर्बीण शोधत वणवण फिरत होते.

या कामी त्यांनी माझा सल्ला घेतला, कारण माझ्याकडे दुर्बीण आहे. वीसपट मोठं दाखवणारी. आकडा मोठा तेवढा माल चांगला, या हिशेबानं घेतलेली. हाताचा जरासा थरकापही ती वीसपट करते, त्यामुळे उभं हरीण तिच्यातून लेझीम खेळताना दिसतं. भाऊंच्या शेतात पहिल्याच सकाळी मी “अस्वल! अस्वल!” करून चार माणसं धुऱ्याच्या बांधाआड पालथी झोपवली होती. अस्वल म्हणजे काचेवरचा मुंगळा निघाला. नंतर एकदा खरंच काळवीट सापडलं. मी घाईघाईनं दुर्बीण भाऊंच्या हातात दिली, तर त्यांना तुरीचं झाड दिसलं. त्यांनी ती परत दिली, तर मला आभाळ.

“देता-देता हरीण जाते बाप्पा,” भाऊ म्हणाले.

मग आम्ही अकोल्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं भाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हरणं पाहायची? शिकार-बिकार तर नाही ना?”

“मले कोंबडी कापलेली पाहावत नाई. काढा तुमी.”

मी दहापटीची, बारापटीची शिफारस करत होतो. भाऊंनी मला कोपरानं बाजूला सारलं. “आठपट बस झाली. हात मानसाचा हाये, खांब नोहे. पुढची काच मोठी द्या. सकायी उजेड कमी रायते.” शेवटी दोन्ही नळ्या स्वतंत्र फिरणारी एक जुनी, वजनदार दुर्बीण निघाली. रुंदीत तीही नापासच. तरी भाऊंनी घेतली. “रुंदीचं पाहून घेऊ.”

परतल्यावर भाऊंच्या घरी सुमनवहिनींनी चहा ओतला, तो कपाच्या बाजूला, सरळ बशीत. मी विनोदी माणूस. म्हणालो, “वहिनी, आज बशीले जास्त तहान लागली वाटते!” कोणी हसलं नाही. म्हणून मी आणखी पुढे गेलो. “भाऊ, इतकी कटकट कशाला? एका डोळ्याची दुर्बीण मिळते की!”

वहिनी आत गेल्या. भाऊ म्हणाले, “तुमी आता घरी जा बरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात करवत वाजायला लागली. जाऊन पाहतो तर नव्या दुर्बिणीचा मधला सांधा कापून भाऊंनी तिचे दोन तुकडे केलेले!

“भाऊ, हे काहून केलं?”

“घाई हाये.”

भाऊंचं डोकं फिरलं, ही बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली. कोणी केली, ते विचारू नका.

हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला आला तेव्हा, खरं सांगायचं तर गंमत पाहायला, मी एका सकाळी शेतावर गेलो. धुऱ्यावर पोतं अंथरून दोघं बसलेली. बांबूच्या कांबीला दोन्ही नळ्या वितीभर अंतरावर काळ्या चिकटपट्टीनं घट्ट बांधलेल्या. एका नळीला भाऊंचा डोळा, दुसरीला वहिनींचा. कानशिलाला कानशील लागलेलं. कांब भाऊंच्या हातात.

मी मागे उभा राहिलो. भाऊंनी मान वळवली नाही.

“तिचा डावा डोया गेला,” ते हळूच म्हणाले. “उजवाबी भरवशाचा नाई म्हनते डॉक्टर. एकली पाहाले बसली, तं तिले हरीन सापडत नाई. मी हुडकून देतो, ते पाहाते.”

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “मी धरू का जरा? हात दुखले असतील.”

“नोको.”

तेवढ्यात वहिनी कुजबुजल्या, “अवो, काया हाये! शिंगं पाहा ना त्याचे, पिळलेले! हालू नोका तुमी.”

मी भाऊंच्या उजव्या पायाकडे पाहिलं. हरभऱ्याच्या ओळीत तो दगडासारखा पडला होता.