बाबलदा गुळगुळीत होतो

बाबल परबानं घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्याला पहिलीच ताकीद दिली, "भिंतीला पॉलिश पेपर मारलास तर याद राख." रंगारी बिचारा हबकून माझ्याकडे आला, कारण आमची भिंत सामाईक. मी त्याला समजावलं, बाबा रे, या माणसाला गुळगुळीत काहीच चालत नाही. पिठल्यात गुठळी लागते, चहा न गाळता लागतो आणि नवी चप्पल आणली की ती आधी जिन्यात घासून घ्यावी लागते. "खरखर पाहिजे रे," हे बाबलदाचं ब्रीदवाक्य. "गुळगुळीत माणूस आणि गुळगुळीत गाणं, दोघांवर भरवसा ठेवू नये."

बाबलदा म्हणजे एकेकाळच्या 'धुराडं' या रॉक बँडचा गायक आणि गिटारवाला. वडील गिरणीत होते, त्यावरून बँडचं नाव. आता सत्तरीला टेकला, तरी पांढरे केस खांद्यावर, अंगात बाह्या फाडलेला काळा टी-शर्ट, आणि आवाज पाट्याला टाकी लावल्यासारखा. संध्याकाळी त्यानं गिटार जोडली की बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या आणि आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे थरथरायचे. एकदा मी त्याचा कार्यक्रम बघितला. समोर पोरं वेडी झाली होती आणि हा मधोमध डोळे मिटून उभा, देव्हाऱ्यासमोर उभा असावा तसा. त्यानंतर डब्यांबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

त्याचं एकही गाणं शेवटपर्यंत न ऐकलेली व्यक्ती मात्र त्याच्याच घरात होती. शालिनीवहिनी, त्याची बायको. गाणं सुरू झालं की वहिनींना हटकून कुकर आठवायचा. "माझी फॅन नाय ती," असं सांगून बाबलदा मोठ्यानं हसायचा. हसताना बघायचा मात्र स्वयंपाकघराकडे.

मग वहिनींना ऐकू कमी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले वयामुळे. बाबलदा म्हणाला माझ्यामुळे, आणि ते त्यानं डोक्यातून काढलंच नाही. वहिनींच्या कानामागे मशीन बसलं त्या दिवशी त्यानं मोठ्या आशेनं गिटार छेडली. वहिनींचा हात झटकन कानाकडे गेला आणि बटण दाबून त्यांनी मशीन बंद केलं. "बोचता वो," एवढंच म्हणाल्या. बाबलदानं गिटार खोळीत घालून कपाटावर टाकली.

सोसायटीत शांतता पसरली. लोकांना ती सोसेना. एके संध्याकाळी खुद्द सेक्रेटरी त्याच्या दारात उभे. "सगळं बरं ना बाबलदा? आवाज नाय आला. बायको म्हणाली, बघून तरी या."

त्या दिवशी बाबलदा माझ्याकडे येऊन बसला. "एक आख्खं गाणं रे," तो म्हणाला. "माझं एक आख्खं गाणं तिनं ऐकायला पाहिजे. आहेत तेवढे कान गेले की संपलं." आणि या वयात त्यानं नवा अल्बम काढायला घेतला.

एकदा मला अंधेरीच्या स्टुडिओत घेऊन गेला. तिथे व्हायोलिनं होती, सॅक्सोफोन होता, मागे मुलींचा कोरस होता. रेकॉर्डिंग करणारी सायली कौतुकानं म्हणाली, "काका, याला पॉप-सोल म्हणतात."

"कायपण म्हण. त्या झांजा काढ. बोचतात."

"काका, आधीच एवढं पॉलिश केलंय!"

"अजून मार."

मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. मग तो गायला. त्या खरखरीच्या खाली इतका मऊ गळा होता, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं खिडक्या लावून बसलो होतो! अंगावर काटा आला माझ्या.

खरी परीक्षा घरी व्हायची. दुपारी वहिनी वाल सोलायला बसल्या की हा स्पीकरवर गाणं लावायचा आणि पेपर वाचायचं सोंग करायचा. आपण परीक्षक आहोत याचा वहिनींना पत्ता नाही. त्यांचा हात कानाकडे गेला की गाणं नापास आणि हा परत अंधेरीला. कधी कधी मीही शेजारी बसायचो, दहावीच्या निकालाला बसावं तसा जीव मुठीत धरून.

धुराड्याच्या जुन्या ड्रमरनं त्यातलं एक गाणं ऐकून फोन केला. फोन स्पीकरवर होता. "वाट लावलीस यार सगळ्याची! लग्नाच्या हॉलात वाजवायच्या लायकीचं केलंस!"

आता हा फोन भिंतीवर आपटणार, असं मला वाटलं. बाबलदा शांतपणे म्हणाला, "हॉलात नाय वाजलं तरी चालेल रे. घरात वाजलं पाहिजे." ज्यानं भिंतीला पॉलिश पेपर लागू दिला नाही, त्यानं आपल्या जन्माच्या गाण्याला तो लावला होता. मी मनातल्या मनात हात जोडले.

शेवटचं गाणं लावलं त्या दुपारी मी तिथेच होतो. पहिलं कडवं गेलं. वहिनींची बोटं वालावरच होती. आत कुकरची शिट्टी झाली, वहिनी उठल्या नाहीत. बाबलदा पेपराच्या कडेवरून चोरून बघत होता. दुसरं कडवं सुरू झालं आणि वहिनींची बोटं थांबली. हात सावकाश वर गेला, कानामागे.

बाबलदाचा चेहरा पार उतरला. "काय गो," तो अगदी हळू म्हणाला, "बंद केलंस?"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गप रवा जरा. वाढवलंय."