लिफ्टमधली तोंडी परीक्षा

ऑगस्टच्या मधल्या सणाला इटलीतलं आमचं जवळजवळ अख्खं वितेर्बो शहर समुद्रावर लोळत असतं. नेमकी त्याच दुपारी आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मिट्ट काळोख आणि एकट्या एर्सिलियाबाई. आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलेल्या, आता ऐंशीच्या पुढच्या. दुरुस्तीचं ‘बघू, बघू’ करणारा इमारतीचा व्यवस्थापक फुल्वियो दाराबाहेर घामाघूम झाला होता.

अग्निशमनवाले निघाले होते. पण आतून बाईंचा श्वास लागलेला ऐकू येत होता. त्यांना बोलतं ठेव, असं बायकोने, ऑर्नेलाने, फुल्वियोला ढोसलं. पण बोलणार काय? याच बाईंनी त्याला लॅटिनमध्ये नापास केलं होतं. भीतीने त्याच्या तोंडून तोच जुना शब्द निघाला, ‘विस’. म्हणजे जोर. आणि टेबलाशी उभं केल्यासारखा तो विभक्त्या म्हणू लागला.

“विस... विसिस... विसी...”

आत काठी आपटली.

“थांब. ही षष्ठी कुठून आणलीस?”

“नाहीये का बाई?”

“एकवचनात षष्ठी नाही, चतुर्थी नाही. विस, विम, वि. संपलं. लंगडा शब्द आहे तो. अनेकवचन म्हण.”

फुल्वियोने तेही हुकवलं. बाई कडाडल्या. धाप कुठल्या कुठे गेली! तेवढ्यात वरच्या जिन्यातून कुणीतरी हळूच ‘विरेस’ म्हटलं, खालून ‘विरियुम’ आलं. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी, पण शाळेत कधीतरी हेच घोकलेली माणसं दारादारांत उभी राहून एका सुरात म्हणत होती. नुकताच पोचलेला अग्निशमनचा जवान शिरस्त्राण काढून ‘विरिबुस’ म्हणाला. माझ्या तर अंगावर काटा आला. केवढी जुनी भाषा, आणि अजून सगळ्यांच्या तोंडात जिवंत!

“आता अर्थ,” आतून बाई म्हणाल्या. “एकवचनात नुसता जोर, जबरदस्तीसुद्धा. अनेकवचनात बळ. कळलं?”

जवानांनी गच्चीवरच्या यंत्राचं चाक हाताने फिरवलं, लिफ्ट वर आली, दार उघडलं. बाई ताठ उभ्या होत्या.

“फुल्वियो, नापास. सप्टेंबरमध्ये फेरपरीक्षेला ये.”

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मुद्दाम चुकून म्हातारीला वाचवलंस, काय डोकं लावलंस, म्हणाले. ऑर्नेलाने तर भर जिन्यात त्याचा मुका घेतला.

फुल्वियोने नम्रपणे मान खाली घातली. मुद्दाम एकही चूक केली नव्हती त्याने.