पाच ताऱ्यांची पुळण

एका जंगलाला चारी बाजूंनी समुद्र होता. अशा जंगलाला बेट म्हणतात, मुलांनो. या बेटावर सिंह नव्हता. यायला बोट लागते म्हणून तो आलाच नाही. त्यामुळे कारभार बरा चालला होता.

बेटाला दोन पुळणी होत्या. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. तुम्ही तिला बीच म्हणता, म्हणा. एक थोरली पुळण, एक धाकटी. दोघी सख्ख्या शेजारणी. मधे फक्त एक काळा कातळ. इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जाईल एवढंच अंतर. पण शेजार आला की तुलना आली.

पूर्वी बेटावर येणारा जीव लाट नेईल तिथे उतरायचा. मग सुधारणा झाली. जो कोणी पुळणीवर जाऊन येईल त्याने काळ्या कातळावर यावं, आपलं मत सांगावं आणि त्या पुळणीच्या नावाने एकापासून पाचापर्यंत तारामासे कातळाला चिकटवावेत, असं ठरलं. तारामाशांना कोणी विचारलं नाही. मतं लक्षात ठेवायला एक मैना नेमली. ती ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. कोण म्हणालं ते मात्र सांगायची नाही. मत मोकळेपणाने द्यायचं तर नाव झाकलेलं बरं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

आता गोष्ट सुरू होते. मांडी घालून बसा, आणि चुळबुळ नको.

द्वारका नावाची एक कासवीण होती. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला तिने दुसऱ्याच एका किनाऱ्यावर अंडी घातली होती, आणि उधाणाने ती सगळी ओढून नेली. वाळूतला रिकामा खड्डा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ते दुःख ती कुणाजवळ बोलली नाही. पण या खेपेला जागा पारखूनच घ्यायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिने नवऱ्याला विचारून पाहिलं. कासवांचे नवरे किनाऱ्यावर येत नाहीत. ते पाण्यातूनच म्हणतात, "तुला बरं वाटेल ते कर."

म्हणून ती कातळापाशी आली आणि तिने मान वर केली.

"मैनाबाई, दोन्हींत चांगली कुठली?"

"मी सांगत नाही. मी म्हणून दाखवते," मैना म्हणाली, आणि तिने थोरलीपासून सुरुवात केली. "न्याहारी अप्रतिम! ताजी, भरपूर, बसल्या जागी. वाळू लोण्यासारखी मऊ, उकरायला कष्ट नाहीत. लहान मुलांची नुसती रेलचेल, आणि एकाच्याही मागे आईबाप नाहीत. दरवर्षी सहकुटुंब येतो. पाच तारे. पाच तारे. पाच तारे."

"आणि धाकटी?"

"दोनदा गेलो, दोनदा उपाशी आलो. वाळू भरड, नखं झिजली. वाटेत केतकीचं बन, अंगभर काटे. पोरं कधी बाहेर येतात आणि कधी पाण्यात जातात, पत्ता लागत नाही. एक तारा. तोही भिडेखातर."

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं. तो बघा, पुढे बसलेला एक हसतोय. पण हसणाऱ्याच्या पोटात अंडी नाहीत. बाळंतपण जवळ आलं की बाईला सगळं जग मायाळू दिसतं. मऊ वाळू, मुलांची वर्दळ, वर न्याहारी! आपलं दुःख बघून देवानेच ही पुळण केली असावी, असं द्वारकेला वाटलं. दिवस कलताना ती थोरलीवर चढली.

थोरलीवर ही गर्दी! कोल्हा सहकुटुंब आला होता. घोरपड उन्हात पसरली होती. कुरव नावाचे पांढरे समुद्रपक्षी ओळीने बसले होते. द्वारकेला बघताच सगळे उठून उभे राहिले. एवढा मान तिला कधी माहेरीसुद्धा मिळाला नव्हता.

"या ताई, या," कोल्हा म्हणाला. "आपलंच घर समजा. दमलात ना? अरे, ताईंना वाट द्या!"

"भाऊ, जागा कुठली बरी?"

"तुम्ही म्हणाल ती. फक्त आम्हाला नीट दाखवून ठेवा. लक्ष ठेवायला बरं."

"आणि खोल खणू नका हो," घोरपड कळवळून म्हणाली. "अशा अवस्थेत कशाला एवढे कष्ट? वरच्यावर घाला."

द्वारकेचे डोळे भरून आले. परक्या मुलखात इतकी माया कोण करतं! तिने वाळू उकरायला सुरुवात केली. वाळू खरंच लोण्यासारखी होती. मग तिला आठवलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही.

"भाऊ, इथली न्याहारी फार नावाजलेली आहे म्हणे. काय असतं?"

कोल्ह्याने घोरपडीकडे पाहिलं. घोरपडीने आकाशाकडे पाहिलं. पण त्या ओळीत एक तरुण कुरव होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे.

"असं काय विचारता ताई?" तो म्हणाला. "तुम्हीच तर घेऊन आलात."

द्वारका पळाली. म्हणजे कासवीण पळते तशी पळाली. कोल्हा तिच्या शेजारून सावकाश चालत तिची समजूत घालत होता. "ताई, गैरसमज झाला. निदान अर्धी तरी घालून जा. दारात आलेल्याला असं भरल्या पोटी पाठवणं आम्हाला बरं दिसत नाही." पाणी लागलं तशी द्वारकेने बुडी मारली.

आता निवड करायला वेळ उरला नव्हता. कातळाला वळसा घालून ती धाकटीवर लागली. स्वागताला कोणी नव्हतं. वाळू खडेमिठासारखी भरड होती. केतकीच्या बुडाशी खणता खणता तिचे पाय सोलवटले, मानेत काटे रुतले. अंडी घालताना ती रडली. कासविणी रडतात. ते रडणं नव्हे, अंगातलं जादा मीठ बाहेर पडतं, असं विद्वान सांगतात. विद्वानांना अंडी घालावी लागत नाहीत.

अंडी झाकून आईने निघून जावं, अशी कासवांची रीत आहे. द्वारका गेली नाही. ती लाटांच्या मागे घिरट्या घालत राहिली. आणि एके सकाळी ती भरड वाळू हलली. पोरं बाहेर आली. कोणी धडपडलं, कोणी उलटं झालं, कोणी दुसऱ्याच्या डोक्यावरून चढलं, पण सगळी पाण्याकडेच धावली. केतकीबनातून कोणी आलं नाही. वरून कोणी झडप घातली नाही. एका ताऱ्याच्या जागी कोण कशाला फिरकेल? पहिलं पोर तिच्या नाकावर आपटून पुढे गेलं, तेव्हा द्वारकेला इतका आनंद झाला की मागच्या उधाणालासुद्धा तिने माफ करून टाकलं.

मग तिला कृतज्ञता सुचली. भल्या जीवांना हा रोग असतो. जिने आपली पोरं सांभाळली तिच्या नावावर एकच तारा? ती तडक कातळापाशी गेली.

"मैनाबाई, धाकटीबद्दल मला सांगायचंय. नीट ऐका."

तेवढ्यात तिला कातळाच्या पायथ्याशी कोल्हा दिसला. हंगाम सरत आला की तो नवी मतं ऐकायला यायचा, पुढच्या वर्षीची सहल ठरवायला. त्याचे दोन्ही कान उभे होते.

"सांगा," मैना म्हणाली.

द्वारकेने त्या कानांकडे पाहिलं. जन्मात ती खोटं बोलली नव्हती.

"भिकार," ती हळूच म्हणाली. मग तिला जोर चढला. "भिकार पुळण! ती वाळू नव्हे, खडी. काट्यांनी मान फाटली. एवढी अंडी घातली होती, आता तिथे एक उरलं नाही. वैऱ्यानेसुद्धा जाऊ नये!"

"तरी मी म्हणत होतो," कोल्हा हळहळला, आणि निश्चिंत मनाने घरी गेला.

पण कातळाच्या समुद्राकडच्या अंगाला आणखी कोणी ऐकत होतं. गोदा नावाची एक तरुण कासवीण. पहिलटकरीण होती आणि हंगामात जरा उशिरा आली होती.

"बरं झालं मावशी, तुम्ही सांगितलंत," गोदा म्हणाली. "मी धाकटीवरच निघाले होते. आता थोरलीवर जाते." आणि ती वळली.

द्वारकेला आपली चूक कळली. आपली पोरं वाचवायला आपण दुसरीची पोरं कोल्ह्याच्या पानात वाढली! ती गोदाच्या मागे पाण्यात झेपावली, आणि पार खोल गेल्यावर, जिथे कोल्ह्याचे कान पोचत नाहीत तिथे, तिने तिला गाठलं.

"थांब गं बाई! धाकटीवरच जा."

"पण तुम्ही तर तिला शिव्या घातल्यात!"

"पोरं सुखरूप पाण्यात उतरली की तूही घाल. माझ्यापेक्षा चार जास्तच घाल."

गोदाने घातल्या. पुढच्या वर्षी तिने आणखी एकीला पाण्याखाली गाठून सांगितलं, त्या एकीने दुसरीला. आता बेटावर येणारी प्रत्येक कासवीण धाकटीवर बाळंत होते आणि कातळावर येऊन तिचा सात पिढ्यांचा उद्धार करते. जिची जास्त पोरं जगली तिचा आवाज जास्त चढतो. ऐकणाऱ्याला वाटावं, कोण ही करंटी!

आणि थोरली? तिथे आता एकही कासवीण चढत नाही. कोल्हा मात्र अजून दरवर्षी सहकुटुंब जातो. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उकरतो. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्यात. पिल्लं विचारतात, "बाबा, न्याहारी कधी?" तो म्हणतो, "आधी हवा खा." पण एवढ्या लांब गेलो, बायकोमुलांना नेलं, शेजाऱ्यांना सांगून निघालो आणि उपाशी परतलो, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून घरी जाताना तो कातळावर चढतो, पोट आत ओढतो आणि खणखणीत आवाजात म्हणतो, "न्याहारी अप्रतिम! पाच तारे." मागे घोरपड मान डोलावते. तिला धड उभं राहवत नाही, म्हणून ती कातळाला टेकलेली असते.

तात्पर्य: जिथे आपलं भलं झालं, त्या जागेची चारचौघांत मनापासून निंदा करावी. स्तुतीचं काम उपाशी परतणाऱ्यांवर सोडावं. ते त्यात कसर ठेवत नाहीत.