नरखेडवाल्याचं पोस्टकार्ड

लोखंडेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला, आणि गेले ते आमच्या रद्दीतला एक कागद कापून घेऊन. रीडिंग घ्यायचं विसरूनच गेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा आईनं सगळी रद्दी पलंगाखाली ढकलून ठेवली होती.

हातात रीडिंगचं पुस्तक, कानावर पेन्सिल आणि पँटच्या मागच्या खिशात छोटी कात्री, अशा थाटात हा माणूस आमच्या लेआउटच्या अख्ख्या वस्तीत सायकलवर फिरायचा. कात्री कशासाठी, तर 'पायलट भास्कर'साठी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही रविवारच्या पेपरात येणारी चित्रकथा. सहा चौकोन आणि खाली 'पुढील रविवारी'. वीसेक वर्षं चालली आणि एका रविवारी कोणालाही न सांगता बंद पडली. त्या जागी पाककृती यायला लागल्या. काकांनी त्याच आठवड्यात पेपर बदलला. काकूंना पाककृती हव्या होत्या, पण त्यांना विचारतो कोण.

ट्रंकभर कात्रणं होती काकांकडे. जी नव्हती ती ते लोकांच्या रद्दीतून, नाहीतर फळीवर डब्यांखाली अंथरलेल्या पेपरांतून मिळवायचे. एकदा शेंडेबाईंच्या थेट स्वयंपाकघरात शिरले, तिखटाचा डबा उचलला आणि खालचा कागद ओढला. बाई शाळेत शिकवायच्या, त्यांचा आवाज साताठ वर्गांना पुरायचा. त्या म्हणाल्या, "मागितला असता तर दिला नसता का?"

"मागितला असता तं तुम्ही वाचत बसल्या असत्या," काका म्हणाले.

आणि ते खरंच होतं. बाई भास्करच्या आमच्याइतक्याच भक्त होत्या.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. आपण काहीही म्हटलं की ते म्हणायचे, "तोंडी नाही चालत गा. कागद दाखव." मग स्वतःच उठायचे, ट्रंक उघडायचे आणि कागद दाखवायचे. भास्करच्या विमानाच्या शेपटीवर नऊचा आकडा होता, हे त्यांनी मला इतक्या वेळा दाखवलं की माझ्या स्वप्नात नऊ नंबरचं विमान यायचं.

अशात रेडिओवर 'पुन्हा भरारी' सुरू झालं. रविवारी सकाळी साडेदहाला एक बाई आणि एक गृहस्थ भास्करची एकेक जुनी गोष्ट सांगायचे, तिच्यावर गप्पा मारायचे आणि शेवटची पाच मिनिटं श्रोत्यांची पत्रं वाचायचे. आम्ही काकांच्या ओसरीवर जमायचो. मी, शेंडेबाई आणि बँकेतले मेश्रामसाहेब. ट्रान्झिस्टर पालथ्या घमेल्यावर, कारण काकांच्या मते त्यानं आवाज भरदार येतो. कार्यक्रम चालू असताना चहा फुरकायचा नाही, असा नियम होता. मेश्रामसाहेब बँकेत मोठे अधिकारी, पण त्यांनासुद्धा काका डोळे वटारायचे. कार्यक्रम संपला की जे भांडण जुंपायचं ते जेवणाच्या वेळेपर्यंत. भास्करनं लग्न काहून केलं नाही, यावर आम्ही तीन रविवार घालवले आहेत. काकू आतून ओरडायच्या, "त्याच्या लग्नाचं जाऊ द्या, भात निवून राहिला."

काका दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवायचे. निवेदक वाचायचे, "नागपूरहून वासुदेव लोखंडे लिहितात..." आणि आमची छाती फुगायची. पण पुढच्याच रविवारी दुसरं पत्र ठरलेलं. "नरखेड तालुक्यातून 'एक वाचक' लिहितात, की नागपूरच्या लोखंड्यांनी पुन्हा चूक केली आहे. भास्करच्या कुत्र्याचं नाव वाघ्या नसून मोत्या होतं."

या नरखेडवाल्याचा आम्हाला भयंकर राग. नाव सांगायची हिंमत नाही आणि आमच्या माणसाच्या चुका काढतो. मेश्रामसाहेब तर म्हणाले, "संत्री विकायची सोडून हा माणूस रेडिओला चिकटून काहून बसतो?" काका मात्र कप उचलायचे आणि चक्क फुरकायचे.

एकदा मी पोस्टात निघालो होतो, तर काकांनी त्यांचं कार्डही दिलं. उघडं कार्ड, मी वाचलं. काय लपवायचं. त्यात लिहिलं होतं, की भास्करच्या विमानाच्या शेपटीवर सातचा आकडा होता. मी तसाच मागे फिरलो.

"काका, तुम्ही सात लिहिलंय. नऊ आहे."

"मले माहीत आहे."

"मग?"

"असू दे. टाक पेटीत."

मला वाटलं, म्हातारा हललाय. कार्ड रेडिओवर वाचलं गेलं, त्याच्या पुढच्या रविवारी नरखेडवाल्यानं बरोबर नऊ काढला, आणि काका असे खूश झाले की त्यांनी काकूंना सगळ्यांसाठी भजी करायला लावली.

नंतर मात्र नरखेडवाला गप्प झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला. आम्हाला आनंद. काका पोस्टकार्डामागून पोस्टकार्ड पाठवत होते आणि चुका वाढत चालल्या होत्या. भास्कर घोड्याला भ्यायचा म्हणे. भास्करला पोहता येत नाही म्हणे. शेवटी एका रविवारी निवेदकबाई अडखळत वाचायला लागल्या, "नागपूरचे लोखंडे लिहितात, की पायलट भास्करला... मिशी होती."

शेंडेबाईंनी कप खाली ठेवला. भास्करला मिशी म्हणजे मारुतीला दाढी.

पुढच्या रविवारी पत्रांचा पाऊस पडला. वर्ध्याहून आलं, सावनेरहून आलं, एका चौथीतल्या मुलीनं तर काकांना चष्मा लावायला सांगितलं. नरखेडहून काहीच नव्हतं. निवेदकांनी नमस्कार म्हटल्याबरोबर काकांनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"त्याले काही तरी झालं," ते म्हणाले. "मिशीवर तो गप्प बसूच शकत नाही."

"कोण, काका?"

"माधव. माझा लहान भाऊ आहे तो."

मेश्रामसाहेबांना आपलं संत्र्याचं वाक्य आठवलं असावं, ते चपला शोधायला लागले. काकूंनी आतून पिशवी आणून काकांच्या हातात दिली. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला म्हणाल्या, "जा गा यांच्यासंगं. एकट्यानं नाही जायचे, अर्ध्यातून परत येतील."

एसटीत काका खिडकीबाहेर बघत होते. काटोल मागे पडल्यावर आपणहून बोलले. त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. मांडवात पंगत बसली. पाहुण्यांना एकेकाला हाताला धरून जेवायला बोलावलं. माधव तीन दिवस राबत होता, विहिरीवरचं पाणी त्यानं भरलं, मांडव त्यानं घातला. त्याला बोलवायला कोणीच गेलं नाही.

"मी म्हटलं, घरचाच आहे. त्याले काय बोलवायचं," काका म्हणाले. "तो वाट पाहत बैलगाडीपाशी उभा होता. मंग उपाशी निघून गेला. आता नऊ वर्षं होतील."

"तुम्ही नंतर गेला नाहीत?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? तोही आला नाही. मंग रेडिओवर मी एकदा खरंच चुकलो, अन् नरखेडवरून पत्र आलं. मले लगेच समजलं. ट्रंकेतली अर्धी कात्रणं त्यानंच लहानपणी कापली आहेत." पिशवीचे बंद सारखे करत म्हणाले, "मंग मी चुकतच राहिलो."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

माधवच्या घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. अंगणात बाजेवर एक माणूस पडला होता, काकांचंच नाक, आणि डोळ्यांवर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढला होता. लिहिणं-वाचणं बंद. उशाशी रेडिओ.

पावलांचा आवाज ऐकून तो उठून बसला. कोण आलं हे त्यानं विचारलं नाही.

"भास्करले मिशी?" तो म्हणाला. "लाज नाही वाटली तुले?"

"कोणाच्या हातून तरी लिहवून घ्यायचं होतं मंग," काका म्हणाले.

"कोणाच्या हातून? सांगावं लागलं असतं न, रेडिओच्या नावानं कोणाले लिहून राहिलो ते."

त्याच्या बायकोनं आम्हाला बघितलं आणि डोळ्यांना पदर लावून आत पळाली. घाईघाईनं पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. अर्ध्या तासानं दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, पानं वाढली."

मी उठलो. काका उठले, पण आत गेले नाहीत. ते बाजेपाशी गेले, वाकले आणि भावाचा हात धरला.

"माधव, पान वाढलं आहे. जेवायले चल."

त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोनं रांधलेलं. माधवरावांनी पायांनी चपला चाचपल्या आणि थोरल्या भावाच्या हाताला धरून आत जेवायला गेले.