दामूकाकांनी विकलेला पुट

आमच्या रोह्यात दामूकाकांच्या ओटीवर बसायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "शेअर बाजारात पुट ऑप्शन विकणारा माणूस तेजीवाला की मंदीवाला?" शेजारच्या म्हात्र्यांचा नवा जावई पाया पडायला वाकला, तर आशीर्वादाच्या आधी हाच प्रश्न! बिचारा म्हणाला, "विकतोय म्हणजे मंदीवाला." काकांचा चेहरा असा काही खुलला, की जावयाला वाटलं उत्तर बरोबर आलं.

काका धाटावच्या एका कंपनीतून निवृत्त झाले आणि बाजारात रमले. मूलबाळ नाही, काकू मितभाषी. त्यामुळे समोर येईल तो विद्यार्थी. पण शिकवणी झकास, हे मी पैजेवर सांगेन. जावयालाही ती लगेच मिळाली.

"तुझ्याकडं वाल हायत असं समज. मी शब्द देतो, भाव पडला तरी ठरल्या भावानं मी घेईन. हा शब्द म्हणजे पुट; त्याचे थोडे पैसे आत्ताच दे, तो माझा प्रीमियम. भाव पडणार असं वाटलं तर मी असा शब्द देईन काय?"

"नाही."

"मग मी तेजीवाला! आणि पडलाच भाव तर?"

जावई सासऱ्यांकडं बघायला लागला.

"तर घ्यायचा. तोंड लपवायचं नाय!"

म्हात्र्यांच्या धाकट्या लेकीनं, वैशालीनं नोकरी सोडून पेणला शाडूच्या गणपतींचा कारखाना काढला, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पेणला काय गणपतींचा दुष्काळ आहे? काका मात्र तिला म्हणाले, "चतुर्थीला उरतील तेवढ्या मूर्ती मी घेणार, तुझ्या भावानं. प्रीमियम म्हणून दर शनिवारी चहा पाज." मग दर शनिवारी एसटीनं पेण. वाटेत नागोठण्यापर्यंत शेजारच्या प्रवाशाचा पुट ऑप्शन पक्का झालेला असायचा.

त्या वर्षी तिच्या मूर्ती घेणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं ऐन वेळी अंग काढून घेतलं. निम्म्या मूर्ती तशाच राहिल्या. त्या खपल्या नाहीत तर कारखान्याला कुलूप, हे वैशालीला दिसत होतं. काका टेम्पो घेऊन दारात उभे राहिले.

"काका, मी तो शब्द धरून बसले नाय हो. तुम्ही मस्करीत बोललात."

काका खरोखर चिडले. "मस्करी? वर्षभर चहा प्यायलोय तुझा!"

त्यांनी सगळे पैसे तिथेच चुकते केले. मूर्ती रोह्याला आल्या. ओटीवर, माजघरात, काकूंच्या शिवणयंत्रावरसुद्धा गणपती! अख्खी आळी बघायला लोटली. काकांना तोटा झाला असं कुणी म्हणालं, तर मला राग यायचा. असा माणूस आमच्या आळीत राहतो, याचा मला भारी अभिमान आहे.

कोलाडहून आलेल्या एका मावशींनी विचारलं, "कोणी केले ओ एवढे सुंदर?"

"माझ्या पोरीनं," काका छाती फुगवून बोलून गेले. तेवढ्यात मूर्ती लावायला आलेली वैशाली आतून पाणी घेऊन बाहेर आली. काका ओशाळले. "म्हणजे... शेजारच्या म्हात्र्यांची..."

"व्हय मावशी," वैशाली म्हणाली, "यांचीच पोर मी."

काकांनी तिच्या हातातलं पाणी स्वतःच मावशींना दिलं, आणि पुट ऑप्शनचा प्रश्न विचारायचाच राहिला.