दोन रिंगा

अकराला बँकेचे साहेब येणार होते. कंपनीच्या बसवनगुडी आणि जयनगर या दोन ऑफिसांमधली लाइन त्यांना दाखवायची, आणि ती आवडली तर सुशांतची नोकरी पक्की. म्हणजे त्या सकाळी त्याने करायचं काम एकच होतं, काही न करणं. नेमकं तेच त्याला जमत नसे.

दोन्हीकडचे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारत. चाळीस सेकंद हाक आली नाही, की समोरचा गेला असं धरत. सुशांतला दहा सेकंद म्हणजे निव्वळ आळस वाटला. साडेदहाला त्याने बसवनगुडीत बसूनच जयनगरच्या राउटरला बजावलं, दर दोन सेकंदांनी हाक मार. हा आकडा दोन्हीकडे सारखा नसेल तर ते एकमेकांना ओळखच देत नाहीत, हे त्याला लाइन पडल्यावर आठवलं.

त्याने इथेही दोन केलं. पाच आकडे मोजले. काही नाही.

"घाईत तिकडे तीन तर नाही ना दाबलं?" म्हणून इथे तीन केलं. मग चार.

"स्वल्प थांब रे," शेजारच्या टेबलावरून त्याचे वरिष्ठ रघुपतीसर म्हणाले. "हात मांडीखाली घालून बस."

पण त्याने आकडा विचारायला जयनगरला फोन लावला. एंगेज. नऊ वेळा एंगेज. शेवटी रिक्षाच केली. सिग्नलला रिक्षा थांबली, तर हा उतरून दोन पावलं चालून आला.

जयनगरच्या ऑफिसात फोन सांभाळणारी निपाणीची महानंदा रिसीव्हर कानाला लावून कुणाला तरी धीर देत होती. "आले बघा काकू, धडधाकट हाईत." मग त्याला म्हणाली, "घ्या. तुमच्या आई. तिकडं लागंना म्हणून इथं लावला. अर्धा तास झाला, रडालेत."

रोज दहाला पुण्याला आईला दोन रिंगा द्यायच्या आणि फोन ठेवायचा, म्हणजे मुलगा खुशाल. कालच सुशांतने मनाशी ठरवलं होतं, आठवड्यातून एकदा पुरे.

"अगं, मी वेळ बदललीय."

"बदल की. पण मला सांगायला नको? मी इथे दहापासून फोनसमोर."

त्याने फोन ठेवला तोच वाजला. रघुपतीसर.

"तू गेलास, मी आकडा परत दोन करून कॉफी घेत बसलो. अर्ध्या कपात लाइन आली. बँकवाले खूश आहेत. तू तिथेच थांब."

दुसऱ्या दिवशी दहाला सुशांतने दोन रिंगा देऊन फोन ठेवला आणि हात मांडीखाली घालून बसला. मिनिटभराने ऑफिसचा फोन दोनदा वाजून थांबला.

कुणी उचलला नाही.